तीन पाय, दोन चाकं आणि दुपारची पाळी

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: 'मागचे दोन्ही पाय लुळे पडलेली भटकी कुत्री दत्तक घ्यायचीये. आई म्हणते, हाल कशाला, इंजेक्शन देऊन मोकळं करा तिला. काय करू?'

मित्रा, आईला क्रूर ठरवू नकोस. तिने पाहिलेली कुत्री गाडीखाली आल्यावर रस्त्याकडेला फरपटत राहायची, जखमेत किडे पडायचे. तेव्हा मोकळं करणं हीच दया होती. आता निदान शहरांत तरी एक्स-रे, शस्त्रक्रिया, चाकांची गाडी मिळते. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, उदयपूरला ॲनिमल एड अनलिमिटेड अशा संस्था अपंग कुत्र्यांना सांभाळतात. कायद्याचं म्हणाल, तर २०२३ च्या एबीसी नियमांत भटक्या कुत्र्यांना दयामरणाची मुभा आहे, पण ती असाध्य आजारी किंवा जीवघेण्या जखमा झालेल्यांसाठी. नुसता पाय गेला म्हणून नाही.

आता खरी गोष्ट. 'अपंग' या एका शब्दात आपण फार वेगवेगळी कुत्री कोंबतो. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यामुळे मागचा एक पाय कापलेला कुत्रा बघता बघता पळायला लागतो. त्याचं वजन वाढू द्यायचं नाही, एवढं सांभाळा. आंधळ्या कुत्र्याच्या घरात सोफा सारखा हलवू नका. बहिऱ्याला हाताच्या खुणा शिकवा, झालं.

कण्याला मार लागलेल्याचं तसं नाही. पायांसोबत बऱ्याचदा लघवीवरचा ताबाही जातो. मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं, दिवसातून तीन-चार वेळा, रविवारीसुद्धा. राहिलं तर इन्फेक्शन, पुढे किडनीपर्यंत. शिवाय फरपटून जखमा होतात. त्या तिला बऱ्याचदा दुखत नाहीत, म्हणून रोज आपणच बघायच्या. गाडीत तिला आडवं होता येत नाही, त्यामुळे ती थोडा वेळ फिरण्यापुरतीच, दिवसभर अडकवून ठेवायची नाही.

रील्समध्ये फक्त ती गाडी दिसते. कुत्रा धावतोय, मागे गाणं, खाली हार्ट्स. त्या रील्समुळे लोक अशा कुत्र्यांना घरी न्यायला लागले हे मान्य, पण डायपर कोणी दाखवत नाही, आणि मग काही जण महिन्याभरात कुत्रा परत आणून सोडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर, लाँच सगळ्यांना हवा, मेंटेनन्स कोणालाच नको.

म्हणून 'हो' म्हणण्याआधी शेल्टरमध्ये जा. डॉक्टरांना विचार, वेदना आहेत का? खाते-पिते का? लघवीचं काय? मूत्राशय दाबायला त्यांच्यासमोर शिक. एकदा बघून जमत नाही. आणि आईला सोबत ने. तू ऑफिसात असताना दुपारची पाळी बहुतेक तिच्यावरच येणार आहे, तेव्हा तिचं 'नाही' तिथे, त्या कुत्रीसमोर ऐक.