पोरं पळवणारी टोळी आणि ओळखीचा माणूस

सप्टेंबर २०२२. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. ‘पोरं पळवणारी टोळी आली’ अशी हूल उठली आणि जमावाने त्यांना बेदम मारलं. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरोखरच साधू निघाले. त्याआधी जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता. दोन्हीकडे लोकांना काळजी मुलांचीच होती, पण त्यातून वाचलं एकही मूल नाही.

कारण आपण पाहतो वेशीकडे आणि धोका असतो घरात, शेजारी, शिकवणीत, नात्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगते : पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. आणि हो, हा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. ‘पोरग्याला काय होतंय’ हे वाक्य सातारा-सांगलीत अजून सर्रास ऐकू येतं.

‘कळवलं की आपणच कोर्टकचेरीत अडकतो.’ हा समज सगळ्यात चिवट. कायदा नेमका उलट आहे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायलाच हवी. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. गप्प बसणाऱ्याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘१०९८ बंद पडला’ असंही ऐकू येतं. तेही खोटं. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली मुलांसाठीची ही हेल्पलाइन २०२३ पासून सरकारच चालवतं आणि ती ११२ शी जोडली आहे.

मिरज जंक्शनवर एखादं एकटं पोर दिसलं तर भल्या माणसाला वाटतं, दोन दिवस घरी नेऊ, खाऊपिऊ घालू, मग बघू. तसं करायचं नाही. १०९८ ला किंवा रेल्वे सुरक्षा दलाला कळवायचं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मूल बालकल्याण समितीपुढे हजर व्हायला हवं. सापडलेलं तान्हं बाळ परस्पर एखाद्या मूल नसलेल्या जोडप्याच्या ओटीत घालणं, हा तर तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्यात पुण्य काही नाही.

यावर लगेच म्हटलं जातं, ‘समितीकडे दिलं की रिमांड होममध्ये टाकतात.’ रिमांड होम म्हणजे निरीक्षणगृह, आणि ते असतं कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी. बाकीच्यांसाठी बालगृह आहे, आणि कायद्याने तोही शेवटचाच पर्याय. पहिला हक्क कुटुंबाचा. घर गरीब आहे एवढ्यावरून मूल काढून घेता येत नाही. घराला आधार म्हणून बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. ‘ती फक्त अनाथांसाठी’ असं समजून कित्येक विधवा अर्जच करत नाहीत. एक पालक गेलेला, तुरुंगात असलेला किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेला असेल, तरी मूल पात्र ठरू शकतं. योजनेला नाव सावित्रीबाई फुल्यांचं आहे आणि त्यांचं नायगाव सातारा जिल्ह्यातलंच. निदान या जिल्ह्याने तरी ती नीट माहीत करून घ्यावी.

उसाच्या हंगामात प्रश्न आणखी बिकट होतो. फडात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की उचल मिळते, म्हणून टोळी निघायच्या आधी पोरींची लग्नं उरकली जातात. ‘लग्न लागलं, आता काय करणार?’ पुष्कळ काही करता येतं. लग्न लावणारा, जुळवणारा, संमती देणारे पुरुष पालक आणि सज्ञान नवरा यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत मुलगी ते लग्न रद्द करून घेऊ शकते. अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे.

आता या मुलांसाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल. ‘एवढा चांगला माणूस, त्याची कसली पोलीस पडताळणी?’ मुलांच्या संस्थेत हे म्हणणारा भाबडा तरी असतो, नाहीतर धूर्त. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार संस्थांनी मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पडताळणी वेळोवेळी करायची असते. स्वयंसेवकाला त्यातून सूट देण्याचं कारण नाही. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, रात्री-अपरात्री खासगी नंबरवरून बोलायचं नाही. या पथ्याने मूल सुरक्षित राहतं आणि खोट्या आळापासून स्वयंसेवकही वाचतो.

काळजीपोटीही नुकसान होतं. अत्याचार झालेल्या मुलाला ‘नक्की काय झालं’ हे चार जणांनी चारदा विचारायचं नाही. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. खटल्यात सोबतीला बालकल्याण समिती सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. आणि व्हॉट्सॲपवर फोटो, गाव, शाळा काहीही टाकायचं नाही. ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लवंग्यासारख्या प्रसंगात उद्या मार खाणारा ऊसतोड कामगारांच्या कोपीवर मुलांची यादी करायला गेलेला कार्यकर्ताही असू शकतो. म्हणून परक्या गावात पाऊल ठेवण्याआधी सरपंच आणि पोलीस पाटलांना कळवावं, ओळखपत्र गळ्यात असावं, सोबत अंगणवाडी सेविका असली तर उत्तमच.

प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती फक्त कागदावर असते. तुमच्या गावातली शेवटची कधी बसली, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.