जोडीने चालणाऱ्या याद्या

दोन किंवा अधिक याद्यांमधले घटक एकाच वेळी, जोडीजोडीने उचलत पुढे जाणे हे फंक्शनल प्रोग्रामिंगमधले रोजचे काम. भाजीचे बिल असेच होते. एका यादीत वजने: २, १, ३ किलो. दुसरीत भाव: ३०, ४०, २५ रुपये. पहिल्या वजनाला पहिल्या भावाने, दुसऱ्याला दुसऱ्या भावाने गुणत गेले की ६०, ४०, ७५ ही तिसरी यादी हाती येते. बेरीज १७५. कितव्या घटकावर आहोत हे मोजणारा आकडा कुठेही सांभाळावा लागत नाही, त्यामुळे तो एकाने चुकण्याची भीतीही उरत नाही.

कॉमन लिस्पमध्ये ‘मॅपकार’ला एक फंक्शन आणि हव्या तितक्या याद्या देता येतात. हास्केलमध्ये ‘झिप’ नुसत्या जोड्या लावते, तर ‘झिपविथ’ प्रत्येक जोडीवर लगेच क्रिया करते. पँटच्या चेनचे दात एकमेकांत अडकत जातात, तसेच हे. मात्र हास्केलमध्ये याद्या किती हे आधीच ठरलेले लागते. म्हणून तीन याद्यांसाठी ‘झिप३’, आणि असे करत थेट ‘झिप७’.

एका यादीच्या पोटात दुसरी फिरवली, तर प्रत्येक वजन प्रत्येक भावाला भेटते आणि तीनऐवजी नऊ उत्तरे येतात. रॅकेट भाषेत ‘फॉर’ जोडीने चालते. त्यापुढे एक तारांकन टाकले की पोटात फिरते. नवशिक्यांची गल्लत होते ती इथेच.

याद्यांची लांबी सारखी नसेल तर? खरा कस इथे लागतो. हास्केल आणि क्लोजर सर्वांत आखूड यादी संपताच थांबतात. ओकॅमलचे ‘मॅप२’ चूक दाखवते. पायथॉनमध्ये २००० साली आलेले ‘झिप’ही मुकाट्याने थांबते, लांबी तपासून घेण्याची ‘स्ट्रिक्ट’ ही सोय त्यात २०२१ मध्ये आली. ती फार आधी यायला हवी होती. शेवटचा भाव लिहायचा राहिला तर बिल १०० रुपयांचे होते, आणि पंचाहत्तर रुपये गेले कुठे याचा मागमूस लागत नाही.

तरीही आखूड यादीपाशी थांबण्याचा नियम हास्केलला सोडता येत नाही, कारण तिथे यादी अनंत असू शकते. नावांच्या यादीला १, २, ३… ही न संपणारी यादी जोडली की अनुक्रमांक पडतात आणि नावे संपली की काम थांबते. फिबोनाचीची मालिका तर स्वतःशीच जोडली जाते. ०, १, १, २, ३ याखाली तीच मालिका एक घर सरकवून १, १, २, ३, ५ अशी मांडायची. वरखालच्या आकड्यांची बेरीज १, २, ३, ५, ८ येते, म्हणजे त्याच मालिकेचा पुढचा भाग. हास्केलमध्ये ही सारी मालिका एका ओळीत लिहून होते.