तालुक्याचा डॉक्टर

डॉक्टरांची आत्मकथनं म्हणजे रोग्यांच्या हकिकतींचं बाड, त्यात साहित्य कसलं, असं म्हणणारी एक जमात पुण्या-मुंबईत अजून आहे. त्यांच्याशी माझं जुनं भांडण. पाड्यावरून रात्री झोळीतून उतरवलेला माणूस त्यांनी पाहिलेला नाही, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

आनंदीबाई जोशी आमच्याच लाइनीवरच्या, कल्याणच्या. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचं चरित्र लिहिलं, मग श्री. ज. जोशींची कादंबरी, २०१९चा चित्रपट. सगळीकडे शिक्षणाची झुंज आहे, दवाखाना नाही. त्याला इलाजही नव्हता. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक हाती असतानाच १८८७मध्ये त्या गेल्या. पुढे अरुण लिमयांनी 'क्लोरोफॉर्म'मधून वैद्यकीच्या आतले धंदे चव्हाट्यावर आणले, रवी बापटांनी केईएमचा वॉर्ड उभा केला, प्रकाश आमट्यांनी हेमलकसा घरोघरी पोचवलं. ही पुस्तकं वाचकांच्या कपाटात आहेतच.

माझा जीव अडकलाय तो हिंमतराव बावसकरांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं'मध्ये. जालन्याकडचा हा तरुण महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आला. लाल विंचू चावलेली माणसं तिथे येत. घामाने निथळलेली, हातपाय गार पडलेली, ओकाऱ्यांनी बेजार. मग फुप्फुसात पाणी, तोंडाला फेस, आणि खेळ खलास. हुकमी औषध नव्हतंच. बावसकर खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणं टिपत राहिले. १९८२मध्ये त्यांचं टिपण थेट 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन विंचवाच्या विषावर लागू पडलं आणि माणसं वाचू लागली. २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. मला त्या नोंदी मोठ्या वाटतात.

कर्जत-खालापूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. भातकापणीत भाऱ्याखाली घोणस असते. डोंगरातल्या ठाकरवाडीतून रोगी निघतो तो आधी भगताकडे, मग झोळीतून उतारावर, मग मिळेल त्या वाहनाने कशेळ्याला नाहीतर चौकला. डॉक्टरच्या वाट्याला उरतो शेवटचा तास. उशिराबद्दल तो नातेवाइकांवर ओरडतो. पण भगताने आवळून बांधलेली दोरी लगेच सोडत नाही. सलाईन लावायचं, सर्पदंशाची लस तयार ठेवायची, मगच गाठ हळूहळू सैल करायची. नाहीतर अडलेलं विष एका झटक्यात अंगभर जायचं.

यातलं टीव्हीवर काय दिसतं? विजया मेहतांच्या 'लाइफलाइन'मध्ये निदान इस्पितळ होतं. 'रंग माझा वेगळा'चा नायक डॉक्टर, 'अजूनही बरसात आहे'ची जोडीही डॉक्टर. पण गाडी अडते ती घरातल्या रुसव्याफुगव्यांत आणि संशयात. स्टेथोस्कोप गळ्यात दागिन्यासारखा. ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, मास्क खाली येतो, 'पुढचे चोवीस तास महत्त्वाचे' म्हटलं की ब्रेक! त्या चोवीस तासांत रोग्याशेजारी कोण बसतं, हे मालिकेला माहीतच नाही. कंपाउंडर गायब, सिस्टर मुकी, आशाताईंचा तर पत्ताच नाही.

आत्मकथनंही आता त्याच वाटेने निघाली आहेत. परदेशी पदव्या, नव्या शाखेचं उद्घाटन, मंत्र्यांबरोबरचे फोटो; दगावलेला रोगी एकही नाही. असं पुस्तक छापलं काय, जाहिरात दिली काय, सारखंच.

नितीन देसाईंनी २००५मध्ये चौकजवळ स्टुडिओ थाटला, 'राजा शिवछत्रपती'साठी शिवकाल उभा केला. चौकचं ग्रामीण रुग्णालय तिथून लांब नाही. निर्मात्यांनी आपल्या लेखकाला तिथल्या ओपीडीत आठवडाभर नुसतं बसवावं. सेटचा खर्च वाचेल, आणि सासूला कटकारस्थानं करायला लावायची गरज उरणार नाही.