अकरा वर्षे राहून गेलेली दुरुस्ती

गणकयंत्र चुकत नाही, चुकतो तो माणूस, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरेच आहे. परंतु माणसाच्या हातून कधी कधी अशी चूक राहून जाते की यंत्र हजार वेळा बरोबर चालते आणि एखाद्याच वेळी फसते. तपासायला बसावे तर पुन्हा सारे सुरळीत! अशाच एका चुकीची गोष्ट आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय थोडा अवघड आहे, पण परका नाही. आपल्या घरांतील बहुतेक फोन अँड्रॉइडवर चालतात, आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स असते. ही गोष्ट त्या लिनक्सची आहे.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्सच्या गाभ्याचे काम सुरू केले. या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्राची स्मृती कोणाला किती द्यायची, कोणी कोणत्या पानावर लिहायचे आणि कोणी केवळ वाचायचे, हे कर्नल ठरवतो. स्मृतीची ही पाने लहान असतात. पुष्कळ यंत्रांत एक पान ४,०९६ बाइट्सचे असते.

आता शर्यत म्हणजे काय ते पाहू. समजा, नवरा-बायकोचे बँकेत एकच खाते आहे आणि त्यात १,००० रुपये आहेत. नवरा पोर्ट लुईला आणि बायको क्युरपिपला, दोघे एकाच क्षणी ८०० रुपये मागतात. दोन्हीकडचे कारकून आधी शिल्लक पाहतात. दोघांनाही १,००० दिसतात आणि दोघेही पैसे देतात. कारकुनांपैकी कोणी खोटे वागले नाही. पाहणे आणि देणे यांच्या मधल्या फटीत दुसरा शिरला, एवढेच. अशा दोषाला इंग्रजीत रेस कंडिशन म्हणतात. आपण त्याला शर्यतीचा दोष म्हणू.

लिनक्समधील दोष समजण्यासाठी शाळेच्या कचेरीत जाऊ. कपाटात मूळ रजिस्टर आहे. ते सर्वांनी वाचावे, पण त्यात कोणी लिहू नये. एखाद्याला लिहायचेच असेल तर कारकुनाने त्या पानाची नक्कल करून द्यावी आणि त्याने नकलेवर हवे ते लिहावे. कर्नलही असेच करतो. या पद्धतीला कॉपी-ऑन-राइट, म्हणजे ‘लिहिताना नक्कल’, असे नाव आहे. तिच्यामुळे पुष्कळ स्मृती वाचते, कारण लिहायची वेळ येईपर्यंत सर्वांना एकच पान पुरते.

आता कारकुनाची चूक पाहा. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘पान हवे, लिहिण्यासाठी’. तो नक्कल करतो. मग त्याला वाटते की लिहिण्याचा प्रश्न सुटला, आता पान आणून दिले की झाले. म्हणून तो चिठ्ठीवरचे ‘लिहिण्यासाठी’ हे शब्द खोडतो आणि पान आणायला वळतो. तेवढ्यात त्याच माणसाचा जोडीदार दुसऱ्या खिडकीवर येऊन सांगतो, ‘ती नक्कल आता नको, टाकून द्या.’ नक्कल टोपलीत जाते. कारकून पाहतो तो नक्कल नाही. चिठ्ठीवर तर फक्त ‘पान हवे’ एवढेच उरले आहे. वाचायला मूळ पान देण्यास हरकत कसली? तो कपाटातील मूळ पान काढून पुढे ठेवतो, आणि समोरचा माणूस त्यावर लिहून मोकळा होतो.

कोणी म्हणेल, कुलूप नव्हते काय? होते. पण ते वाचकांच्या सामायिक कुलपासारखे होते. पान मागणारा आणि नक्कल टाकणारा, दोघांनाही ते एकाच वेळी आत येऊ देत असे. एका प्रयत्नात ही वेळ साधली नाही तर दुसऱ्यांदा, आणि तरीही नाही तर लाखव्यांदा. यंत्र थकत नाही. वेळ साधली की साधा वापरणारा मनुष्य बंदी असलेली फाइल बदलू शके आणि यंत्राचा मालक होऊन बसे.

या दोषाचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. कॉपी-ऑन-राइटची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की ‘काऊ’ म्हणजे गाय होते, आणि ज्या पानावर लिहिले गेले त्याला कर्नलच्या भाषेत ‘डर्टी’ म्हणजे मळलेले म्हणतात. म्हणून लोकांनी नाव ठेवले डर्टी काऊ, मळकी गाय! फिल ओस्टर यांनी हा दोष उजेडात आणला. आपल्या सर्व्हरकडे येणारी वाहतूक नोंदवून ठेवण्याची त्यांची सवय होती. त्या नोंदींतच घुसखोराने वापरलेले हत्यार त्यांना सापडले. म्हणजे चोर आधी आत आला आणि दार मागून दुरुस्त झाले. बैल गेला अन् झोपा केला, ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतः दुरुस्ती केली. तिच्यासोबतच्या टिपणात त्यांनी जे लिहिले ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. हा दोष जुना आहे, अकरा वर्षांपूर्वी मीच तो बुजवण्याचा प्रयत्न केला होता आणि तो प्रयत्न वाईट होता, अशी स्पष्ट कबुली त्यांनी दिली. ती २००५ ची दुरुस्ती आयबीएमच्या एस-३९० जातीच्या मोठ्या यंत्रांवर अडचणीची ठरली, म्हणून ती मागे घेण्यात आली होती. तेव्हा ही शर्यत केवळ तात्त्विक समजली जाई. पुढे यंत्रे बदलली, एकाच वेळी अनेक कामे चालू लागली, आणि कागदावरची शर्यत प्रत्यक्षात जिंकता येऊ लागली.

२०१६ च्या दुरुस्तीत कारकुनाला नवा नियम मिळाला. ‘लिहिण्यासाठी’ हे शब्द खोडायचे नाहीत. ‘नक्कल झाली’ अशी वेगळी खूण करायची, आणि हातातले पान खरोखर मळलेले आहे की नाही ते पाहूनच पुढे जायचे. अँड्रॉइडच्या डिसेंबर २०१६ च्या सुरक्षा-दुरुस्त्यांतही हा दोष होता. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या तज्ज्ञांना याच दोषावर जगणारा एक उपद्रवी प्रोग्राम ४० हून अधिक देशांतील फोनांत आढळला. त्याचे बहुतेक बळी चीन आणि भारतातील होते.

गोष्ट येथेही संपली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिसून आले की मोठ्या आकाराच्या पानांवर ‘मळले’ ही खूण नक्कल न करताही बसू शकते. ती फट बुजवली. २०२२ मध्ये सामायिक स्मृतीच्या पानांबाबत तसाच प्रकार निघाला. तेव्हा डेव्हिड हिल्डेनब्रँड यांच्या दुरुस्तीने ‘नक्कल झाली’ ही खूणच काढून टाकली. खुणेवर विसंबण्याऐवजी कर्नल आता पानाकडेच पाहतो. हे पान खरोखर या एकट्याचे आहे काय? असेल तरच अशा जबरीच्या लिखाणाला परवानगी.

वर्गात आम्ही मुलांना सांगतो की उत्तर लिहून झाल्यावर प्रश्न पुन्हा वाचा, कारण मनात राहिलेला प्रश्न आणि पाटीवरचा प्रश्न कधी कधी एक नसतात. कर्नललाही हाच धडा शिकायला सतरा वर्षे लागली. मघाशी जे खरे होते ते आताही खरे आहे असे धरून चालू नये. कृती करताना पुन्हा पाहावे. दुसरा धडा असा की ‘असे क्वचितच होईल’ याचा अर्थ ‘असे होणारच नाही’ असा नव्हे. आणि तिसरा धडा टॉरव्हाल्ड्स यांच्या कबुलीचा: आपली जुनी चूक आपल्याच हाताने, सर्वांसमक्ष सुधारण्यात कमीपणा नाही. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे तीनही धडे गाठीशी बांधावेत.

आणि वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. फोन जेव्हा ‘नवी दुरुस्ती आली आहे, बसवू काय?’ असे विचारतो, तेव्हा ‘नंतर’ या बटणाकडे बोट नेऊ नये. ती दुरुस्ती आपल्या हाती येईपर्यंत कोणीतरी वर्षानुवर्षे त्या फटीशी झगडलेले असते. तिला दारात ताटकळत ठेवल्याने फायदा होतो तो फक्त चोराचा.