बाळंतविड्यात काय असावे?

बाळंतविडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जरीची कुंची, चांदीचे वाळे आणि लोकरीचे मोजे-टोपडे उभे राहते. बारशाच्या दिवशी हे सारे शोभतेही. पण बाळ काही बाराव्या दिवशी जन्माला येत नाही! आधीच्या अकरा दिवसांत त्याला जे लागते, ते बहुधा या विड्यात नसतेच.

यंदा माझी भाची पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला कळंबला येते आहे. दिवस पौषातले. तिने आईला, म्हणजे माझ्या वहिनींना, खरेदीची यादी पाठवली : सत्तेचाळीस जिनसा. पावसाने निम्मे सोयाबीन नेलेले. तरी भाऊ म्हणाला, "लेकीची पहिली हौस आहे, आडत्याकडून उचल घेऊ." मी म्हटले, यादी आधी माझ्याकडे द्या, उचलीचे मग पाहू.

आमच्याकडे बाळ जन्मण्यापूर्वी नवे कपडे आणीत नाहीत. कारण काय सांगतात ते सोडून द्या. पण या रिवाजामुळे बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागते ते शेकडो वेळा धुतलेले मऊ सूत. नव्या कापडातली खळ त्याच्या कातडीला बोचत नाही. आईचे एक जुने नऊवारी लुगडे मी ट्रंकेतून काढले. काठ उसवले, पदर बाजूला ठेवला आणि वारावाराची आठ दुपटी कापली. ती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवली. दुकानात अशी दुपटी कोणत्याही भावाला मिळायची नाहीत.

झबली पुढून उघडणारी आणि बंदाची हवीत. डोक्यावरून ओढायच्या कपड्यात नव्या आईचे हात थरथरतात. अगदी लहान मापाची सहा पुरेत. पाचएक महिन्यांत बाळाचे वजन जन्माच्या दुप्पट होते, मग डझनावारी घेतलेली झबली कोणाला घालायची?

लंगोटांचा हिशेब मात्र कंजूषपणाने करू नये. तान्हे बाळ दिवसरात्रीतून दहा-बारा वेळा सहज ओले करते. पुण्यात दोन डझन पुरतील. आमच्या भागात हा आकडा पाण्यावर ठरतो. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही. नळाचा भरवसा नसेल तिथे तीन डझन लंगोट असावेत, आणि रात्रीपुरते बाजारचे डायपर वापरले तर आजीने नाक मुरडू नये.

आता खरी गोष्ट उबेची. जन्मलेले बाळ ओले असते आणि पौषातला आमच्याकडचा गारठा कोरडा, बोचरा. बाळाला लगेच कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून दोघांवर पांघरूण घालावे, डोक्याला टोपडे. पहिली आंघोळ निदान चोवीस तास नाही. अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाला तर आईच्या छातीची ऊब हेच औषध. या कामी वडिलांची छातीही चालते, हे आमच्या भाच्याजावयांना मुद्दाम कळवले आहे. यादीतला विजेचा हीटर मी खोडला आणि थर्मामीटर लिहिला. काखेतला पारा ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असला की ठीक.

एवढ्याशा वस्तूंनी काय होते, असे वाटेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला ठेवायची उबदार पिशवी, श्वास देण्याचे साधन आणि जंतुदोषावरची औषधे, एवढीच त्यांची सामग्री. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे जगापुढे आणले. बाबागाडी त्या सामग्रीत नव्हती, आणि आमच्या गल्लीत ती चालणारही नाही.

खोडण्यावरून वहिनींशी वाद झाला तो मोहरीच्या उशीचा. बाळाला उताणे, सपाट अंथरुणावर, उशीवाचून निजवावे, असे आता डॉक्टर सांगतात. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आपण सगळे त्याच उशीवर वाढलो." खरे आहे, पण त्या काळी किती पाळणे रिकामे झाले याची मोजदाद कोणी ठेवली? काजळाच्या डबीचेही तेच. पुष्कळ काजळात शिसे आढळते, म्हणून तीट आईच्या डोळ्यांदेखत देवापुढच्या अंगाऱ्याची लावा, काजळ नको. धुरीचा धूर, नाकाकानांत तेल, चाटवायचा मध आणि घुटीची सहाण, सारेच खोडले. धुरी गेल्याचे वहिनींना फार लागले. शेवटी अंगणात ऊन घ्यायचे ठरले.

दूधबाटलीही गेली. तिच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे ती उगाच नव्हे. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे, पहिले पिवळसर दूध टाकू नये आणि सहा महिने पाणीसुद्धा देऊ नये. त्याऐवजी आईसाठी अळीव, डिंक, खारीक आणि गूळ यांवर खर्च करावा. तिला दुपारची झोप मिळावी म्हणून पाहुण्यांना बारशापर्यंत थोपवावे, हे काम आत्याकडे.

आमच्या यादीत आता एकोणीस जिनसा उरल्या. विसावी मी जोडली : एका डब्यात गाडीभाड्याचे पैसे, आणि डब्याच्या झाकणावर गाडीवाल्याचा नंबर. बाळ ओढून पिईनासे झाले, तळपाय गार पडले, मिनिटाला साठाहून अधिक श्वास चालू लागले किंवा तळहात पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहायची नाही; बाळाला आईच्या छातीशी बांधून त्याच रात्री दवाखाना गाठायचा.