ओझोमात्ली : ठिय्या आंदोलनातून निघालेली नाचगाणी

लॉस एंजेलिसमध्ये १९९५ साली काही तरुण कामगारांनी संघटनेच्या हक्कासाठी एका इमारतीत ठिय्या दिला. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. इमारत मात्र काही काळ त्यांच्या ताब्यात राहिली. तिथल्या कामासाठी पैसे उभे करायला गाण्याचे कार्यक्रम ठरले आणि त्या कामगारांपैकी विल-डॉग एबर्स या बेस गिटार वाजवणाऱ्याने ओळखीच्या वादकांना हाक दिली. जो आला तो आपलं वाद्य घेऊन आला. ‘ओझोमात्ली’ हा बँड असा जमला आणि १६ जून १९९८ रोजी त्याच नावाचा त्याचा पहिला अल्बम निघाला.

नाहुआत्ल भाषेत ओझोमात्ली म्हणजे माकड. अझ्टेकांच्या २६० दिवसांच्या पंचांगातल्या २० दिवसचिन्हांपैकी हे अकरावं. नाच-गाणं, मौजमजा त्याच्या अखत्यारीत. नाव शोभून दिसतं, कारण या अल्बममध्ये कुणीच एका फांदीवर बसत नाही. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, काँगा, फंकची गिटार, कट केमिस्टची तबकडी, चाली टूनाचं खर्जातलं रॅप आणि या सगळ्यात जिरो यामागुचीचा चक्क तबला! तोंडी लावण्यापुरतं काहीच नाही. स्पॅनिश कडव्याला इंग्रजी रॅप खांदा देतं आणि गाणं पुढे निघतं.

‘कुंबिया दे लोस मुएर्तोस’, म्हणजे ‘मृतांचा कुंबिया’, हे मला त्यातलं सर्वांत जमलेलं गाणं वाटतं. कुंबिया मूळ कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा. आफ्रिकी ढोल, तिथल्या आदिवासींच्या बासऱ्या आणि स्पॅनिश भाषा यांच्या मिश्रणातून तो घडला आणि पुढे मेक्सिकोतही रुजला. खाचा पाडलेल्या वाद्यावर काडी घासून निघणारी ‘छिक्-चिकी, छिक्-चिकी’ ही त्याची खूण. ती कानी पडली की पाय आपोआप सरकू लागतात. या तालावर गेलेली माणसं जिवंतांमध्ये येऊन नाचतात, अशी गाण्याची कल्पना. शोक आहे, पण त्याला बसायला जागा दिलेली नाही.

‘कट केमिस्ट सूट’मध्ये तबकडी हाताने पुढे-मागे ओढून काढलेली खरखरच वाद्य होते. काही गाणी मात्र सैल पडतात. इतक्या जणांना वाव द्यायचा म्हटलं की असं होणारच.

अल्बम काढणारी आल्मो साउंड्स ही कंपनी हर्ब अल्पर्ट आणि जेरी मॉस यांची. ‘आल्मो’ हे नावही त्यांच्याच आडनावांतून आलेलं. योगायोग असा की साठच्या दशकात ‘तिहुआना ब्रास’ या बँडच्या मेक्सिकन ढंगाच्या ट्रम्पेटने अमेरिकेला वेड लावणारा अल्पर्ट स्वतः मेक्सिकन नव्हताच.

चाली टूना आणि कट केमिस्ट पुढे ‘जुरासिक फाइव्ह’ या आपल्या दुसऱ्या बँडकडे वळले. ओझोमात्लीची एक प्रथा मात्र टिकली. कार्यक्रम संपत आला की वादक ढोल गळ्यात अडकवून मंचावरून खाली उतरतात आणि वाजवत वाजवत थेट प्रेक्षकांच्या गर्दीत शिरतात.