पलाऊचा मासा : ताटातला आणि पाण्यातला

पश्चिम प्रशांत महासागरातील पलाऊ हा जेमतेम १८ हजार लोकवस्तीचा द्वीपदेश. मासेमारी ही तेथील परंपरागत उपजीविका, तर स्कूबा डायव्हिंगसाठी येणारे पर्यटक हा आजच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार. दोहोंचे भांडवल मात्र एकच आहे, ते म्हणजे प्रवाळखडकांभोवतीचे मासे.

माशांच्या विणीच्या काळात खडकाचा ठरावीक भाग मासेमारीस बंद ठेवण्याचा आदेश गावप्रमुखांनी द्यावा, अशी तेथील जुनी प्रथा आहे. तिला ‘बुल’ म्हणतात. आधुनिक कायद्यांनी हाच विचार पुढे नेला. २००९ मध्ये पलाऊने आपले सागरी क्षेत्र शार्क अभयारण्य म्हणून घोषित केले. ‘ब्लू कॉर्नर’ येथे पाणबुडे कड्याला आकडा अडकवून प्रवाहात स्थिर राहतात आणि शार्क न्याहाळतात. मारलेला शार्क एकदाच विकला जातो. जिवंत शार्क मात्र वर्षानुवर्षे उत्पन्न देतो.

१ जानेवारी २०२० पासून देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्राचा ८० टक्के भाग मासेमारीस बंद झाला. उरलेल्या भागातील ट्यूना स्थानिक बाजारात यावा आणि खडकांवरील माशांवरचा भार हलका व्हावा, हा त्यामागील हेतू. परंतु त्याच वर्षी कोरोनामुळे पर्यटन थांबले आणि बंद समुद्र पुन्हा खुला करावा का, हा वाद उभा राहिला. पर्यटक नसतानाही संयम टिकवणे, हीच या धोरणाची खरी कसोटी आहे.